प्लास्टिकचं विमान रंगवणं, डिकल लावणं आणि वापरलेलं दाखवणं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी अशा आपल्या भागातली मंडळी भेटली की फिरून हेच प्रश्न विचारतात, म्हणून एकदाचं लिहून काढलं. मी १/७२ मापाची (खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढी) विमानं करतो, त्यातली बरीचशी आपल्या हवाई दलाची. किट जोडायचं कसं आणि फटी भरायच्या कशा, यात इथं शिरलेलो नाही. जोडून, घासून, भांड्याच्या साबणानं धुऊन, वाळवून ठेवलेलं विमान टेबलावर आहे असं धरून चाललोय.

एक गोष्ट मात्र आधीच सांगतो. रंग बिघडला म्हणून जे विमान घेऊन येतात, त्यांच्यातल्या बहुतेकांचा हात वाईट नसतो. एक तर खालचा थर सुकलेला नसतो, नाहीतर वरच्या थरातलं थिनर खालच्याला विरघळवणारं असतं. पुढची निम्मी उत्तरं या दोन गोष्टींभोवतीच फिरतात.

मिरगाचा पाऊस लागला की रंगकाम बंदच ठेवायचं का?

बंद नको, पण दिवस बघून आणि रंग बघून करायचं. माझ्या टेबलावर आर्द्रता दाखवणारं छोटं डिजिटल यंत्र आहे. जुलैत त्याचा आकडा ८५ च्या खाली क्वचितच येतो. जांबोटीकडच्या घरांत तर भिंतींनाच पाणी सुटलेलं असतं. अशा हवेत लॅकर (झपाट्यानं सुकणारा, उग्र वासाचा रंग) मारला की तो पांढरा पडतो. लॅकरमधलं थिनर फार झपाट्यानं उडतं, उडताना पृष्ठभाग गार करतं, आणि त्या गार पृष्ठभागावर हवेतलं पाणी जमतं. गार पाण्याचा तांब्या बाहेरून भिजतो तसंच. ते पाणी ओल्या लॅकरमध्ये अडकलं की वर दुधी साय आल्यासारखी दिसते.

हे मी एका जुलैत हंटर या लढाऊ विमानावर अनुभवलंय. हिरवा-करडा कॅमोफ्लाज मारायला तीन रविवार गेले होते. डिकलच्या (पाण्यात भिजवून चिकटवायच्या छापील खुणांच्या) आधीचा ग्लॉस, म्हणजे चकचकीत थर, मारला आणि जेवायला बसलो. परत येऊन बघतो तर विमानावर कुणीतरी ताक ओतल्यागत दिसत होतं. शेजारच्या काकांनी खिडकीतून बघून विचारलं, "झकास झालंय की रे, खरं पांढरं का दिसतंय?" मी लगेच त्यावर दुसरा थर मारला, आणि तीच चूक झाली. पहिल्या थरातलं पाणी दुसऱ्याखाली कोंडलं.

अशा वेळी हात मागं घ्या. विमान रात्रभर तसंच ठेवा. उघडीप मिळाली, आकडा ६५ च्या आसपास आला, की त्याच लॅकरच्या थिनरमध्ये थोडं रिटार्डर घालून लांबून अगदी हलका फवारा द्या. रिटार्डरमुळं थिनर सावकाश उडतं, वरचा थर पुन्हा किंचित मऊ होतो आणि अडकलेलं पाणी निघून जातं. माझा हंटर असा नव्वद टक्के वाचला. उजव्या पंखाखाली अजून एक ढग आहे, पण तो मी विमान उलटं केल्याशिवाय दिसत नाही.

पावसाळ्यात मी दुपारी दोन ते चारमध्येच फवारतो. आधी खोली बंद करून तासभर एसी ड्राय मोडवर ठेवायची. एसी नसेल तर विमानाला हेअर ड्रायरची कोमट हवा दाखवायची, तीही लांबून, कारण प्लास्टिक वाकतं. कंप्रेसरला पाणी अडवणारा ट्रॅप लावलेला असला तरी टाकीखालची चावी दर अर्ध्या तासानं उघडा. किती पाणी निघतं ते बघून तुम्हीच चकित व्हाल. रंगात मध्येच थेंब उडून गोल डाग पडतात ते याच पाण्याचे.

पाण्यावरचे अक्रिलिक पांढरे पडत नाहीत, फक्त सुकायला दुप्पट वेळ घेतात. तेवढा धीर असेल तर पावसाळ्यात तेच बरे. मार्च ते मे उलटी कथा असते. रंग सुईच्या टोकावरच सुकतो आणि दर दोन मिनिटांनी टोक पुसावं लागतं.

कुठला रंग घेऊ? एवढी नावं आहेत.

नावं पुष्कळ, जाती चार. एक लॅकर, म्हणजे मिस्टर कलरसारखे, वासाला उग्र आणि प्लास्टिकला घट्ट धरणारे. दोन अक्रिलिक, त्यातही तामियाचे अल्कोहोलवर चालणारे आणि व्हायेहोसारखे पाण्यावरचे. तीन इनॅमल, हम्ब्रोलचे छोटे डबे. चार चित्रकाराचे तैलरंग, जे मूळ रंगासाठी नाहीत, वॉश (रेघांत भरायचा अगदी पातळ रंग) आणि डागांसाठी आहेत.

नियम साधा आहे. खाली दणकट आणि वर सौम्य. लॅकरवर अक्रिलिक चालतं, अक्रिलिकवर इनॅमल किंवा तैलरंगाचा वॉश चालतो, कारण टर्पेंटाइन सुकलेल्या अक्रिलिकला हात लावत नाही. सगळं विमान इनॅमलनं रंगवून त्यावर टर्पेंटाइनचा वॉश फिरवलात तर खालचा रंगही कापसावर येईल. इनॅमल वापरायचंच असेल तर मध्ये अक्रिलिक ग्लॉसचा थर घाला.

खडेबाजारातल्या हार्डवेअर दुकानात मिळणारं एनसी थिनर रंगात घालू नका. ते लाकडी फर्निचरच्या पॉलिशसाठी असतं आणि प्लास्टिकला चरे पाडतं. एअरब्रशचे धातूचे भाग धुवायला मात्र झकास आहे. रबरी वायसर तेवढे आधी काढून ठेवा. तामियाचे रंग आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पातळ होतात, ते केमिकलच्या दुकानात मिळतं. शाळेचे पोस्टर कलर प्लास्टिकवर टिकत नाहीत, नखानं निघतात.

एअरब्रश नसेल तर?

ब्रशनंही सुंदर विमानं होतात. पाण्यावरचा रंग घ्या, चपटा मऊ ब्रश घ्या, एका जागी दोनदा फिरवू नका, आणि एका जाड थराऐवजी तीन पातळ थर द्या. पहिला थर भिकार दिसतो. दिसू दे.

एअरब्रश घेणार असाल तर बटण दाबलं की हवा आणि मागं ओढलं की रंग, असा डबल ॲक्शन घ्या, सुई ०.३ मिलिमीटरची. दाब १५ ते २० पीएसआय. उद्यमबागेतल्या गॅरेजमध्ये असतो तो गाडी रंगवायचा गन या कामाचा नाही, एका फवाऱ्यात तुमचं नॅटसारखं छोटं लढाऊ विमान अख्खं बुडेल. शक्य असेल तर टाकीवाला कंप्रेसर घ्या. करंट गेला तरी टाकीतल्या हवेवर हातातला थर पुरा होतो आणि ब्रश धुताही येतो. कपात रंग सुकला की मग अर्धा तास सुई सोडवत बसावं लागतं.

फवारा मारायचा कसा हे मी आमच्या गल्लीतल्या गणपती करणाऱ्या मामांकडून शिकलो. श्रावणात त्यांच्या मांडवात पीतांबराच्या कडेला सावली द्यायचं काम चालतं तेव्हा जाऊन नुसतं बघत बसा. ते मूर्तीच्या बाहेर हवेत फवारा सुरू करतात, मूर्तीवरून नेतात आणि पलीकडं बाहेर जाऊन थांबवतात. मला म्हणाले, "हात थांबला की ओघळ आलाच म्हणून समज. थांबायचंच असलं तर बटण सोडून थांब की." विमानाच्या पंखालाही अगदी तेच लागू.

रंग किती पातळ करायचा?

दुधाइतका. कपाच्या आतल्या भिंतीवरून रंग खाली सोडला की मागं पातळ पडदा राहून हळूहळू उतरला पाहिजे. तामिया रंग आणि थिनर निम्मे-निम्मे, लॅकरला एकास दीड ते दोन, व्हायेहोच्या एअरब्रशसाठीच्या बाटलीला दोन-चार थेंब पुरे. हे आकडे सुरुवातीचे. आधी जुन्या पंखावर किंवा दह्याच्या प्लास्टिक डब्यावर मारून बघा.

प्रायमर मारायलाच हवा का?

प्रायमर म्हणजे रंगाखालचा पहिला थर. लॅकर रंगाखाली नसला तरी चालतं. पाण्यावरच्या रंगाखाली हवाच, नाहीतर मास्किंग टेपबरोबर रंग सोलून येतो. पण मी प्रायमर मारतो तो चिकटण्यासाठी कमी आणि फटी दिसाव्यात म्हणून जास्त. करडा थर बसला की जोडावरची एकूण एक खोट उघडी पडते.

चंदेरी मिग-२१ करायचंय. चांदीचा रंग मळकट का दिसतो?

चंदीगडला २६ सप्टेंबर २०२५ ला मिग-२१ निवृत्त झालं, तेव्हापासून हा प्रश्न वाढलाय. १९६३ पासून सेवेत असलेलं विमान, प्रत्येकाला एक कपाटात हवं असतं, आणि तेही सुरुवातीचं उघड्या धातूचं.

धातूचा रंग खालचा पृष्ठभाग जसाच्या तसा दाखवतो. साध्या रंगाखाली झाकून जाणारा सँडपेपरचा ओरखडा चांदीखाली चमकून उठतो. म्हणून शेवटची घासणी २००० नंबरच्या पाण्याच्या पेपरनं, मग चकचकीत काळा थर, तो पूर्ण दोन दिवस सुकल्यावर कमी दाबानं धातूचा लॅकर, पातळ पातळ. काळा आरशासारखा नसेल तर वरची चांदी मळकटच दिसणार. हातमोजे घाला. घामट बोटाचा ठसा चांदीखाली कायमचा राहतो. माझ्या एका मिगच्या नाकाडावर माझा अंगठा आधार कार्डावरच्यापेक्षा स्पष्ट आहे.

सगळे पत्रे एकाच छटेचे नसतात. इंजिनाच्या मागच्या तोंडाजवळचा भाग उष्णतेनं किंचित पिवळट-निळा होतो. पण फोटो बघून दोन-तीनच पत्रे वेगळे करा, बुद्धिबळाचा पट करू नका. आणि आपल्या मिगना १९७१ च्या युद्धाच्या काळात घाईनं कॅमोफ्लाजही मारला गेला होता, पुढचे बायसन, म्हणजे सुधारलेले मिग-२१, करडे होते. नुसतं "मिग-२१" असं विमान नसतं. कुठल्या सालचं, ते आधी ठरवा.

डिकलखाली चांदीसारखी झाक येते. काय चुकतं?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हा, म्हणून जरा ऐसपैस सांगतो.

ती झाक म्हणजे हवा. मॅट रंग सूक्ष्मदर्शकाखाली डोंगर-दऱ्यांसारखा असतो. डिकल डोंगरांच्या माथ्यांवर टेकतं, दऱ्यांत हवा राहते, आणि उजेड त्या हवेवरून परतला की चंदेरी दिसतं. म्हणून आधी ग्लॉस. काचेसारखा नसला तरी चालेल, पण बोट फिरवल्यावर गुळगुळीत लागला पाहिजे. आणि तो सुकलेला पाहिजे. चोवीस तास आपल्या जुलैत पुरत नाहीत, मी अठ्ठेचाळीस देतो. नाकाशी धरल्यावर वास आला तर सुकलेला नाही.

पाणी बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वापरा, पेट्रोल पंपावरही मिळतं. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार इतके, की डिकलभोवती पांढरी कड सुकते आणि ती मॅटखालूनही दिसते.

आता एक गोल चक्र लावू. कात्रीनं ते एकटंच कापून घ्या. चिमट्यानं धरून पाण्यात दहा-पंधरा सेकंद बुडवा आणि बाहेर टिश्यूवर ठेवा. तरंगत ठेवलं तर गोंद सगळा पाण्यात जातो. मिनिटभरानं ब्रशनं हलकं ढकलून बघा. कागदावरून सरकलं तर तयार, अडलं तर थांबा. नखानं ओढायला गेलात की फाटलं. पंखावर जिथं लावायचंय तिथं मायक्रो सेट हे डिकल बसवायचं द्रव ब्रशनं लावा. त्याला व्हिनेगरसारखा वास येतो, कारण त्यात तेच आम्ल असतं. नसेल तर घरचं पांढरं व्हिनेगर निम्मं पाणी घालून चालतं, परिणाम जरा कमी. कागद पंखाला टेकवा आणि डिकल कागदावरून पंखावर सरकवा, उचलू नका. जागेवर आणा, समोरून आणि वरून बघा. मग ओलसर ब्रश मधून कडेकडं फिरवून पाणी बाहेर काढा.

दहा मिनिटांनी वरून मायक्रो सोल, हे डिकल मऊ करणारं द्रव. आता डिकल सुरकुततं, म्हाताऱ्या माणसाच्या हातासारखं होतं. इथंच लोक घाबरून बोट लावतात आणि सगळं बिघडवतात. उठा, चहा करा. सोलनं ते मऊ झालेलं असतं, सुकताना आपोआप ताणून पॅनलच्या, म्हणजे पत्र्यांच्या जोडांच्या, रेघांत उतरतं. तासाभरानं रेघ अजून दिसत नसेल तर पुन्हा सोल. एवढं करून हवेचा फुगा उरलाच तर बारीक सुईनं टोचून त्यावर सोलचा थेंब.

जुन्या किटांची डिकलं जाड असतात, ती सोलला दाद देत नाहीत. हेअर ड्रायरची कोमट हवा आणि ओल्या इअरबडनं दाबणं, एवढाच इलाज.

केशरी रंग खालच्या कॅमोफ्लाजमुळं मळका दिसतो.

आपल्या चक्रात बाहेर केशरी, मध्ये पांढरा, आत हिरवा. हलके रंग डिकलवर पातळ छापलेले असतात. चक्र हिरव्या आणि करड्या पट्ट्यांच्या सीमेवर आलं, आणि जॅग्वार या लढाऊ विमानावर ते बरेचदा येतं, तर सीमारेषा केशरीतून आरपार दिसते. डिकलपेक्षा अर्धा मिलिमीटर लहान पांढरं वर्तुळ आधी रंगवून घ्या. कंपासनं मास्किंग टेप कापली की झालं. बाहेरच्या देशांतल्या काही किटांत केशरी इतका तांबडा छापतात की तो केशरी म्हणवत नाही. असा निघाला तर वेगळी डिकल शीट मागवलेली बरी.

मालवाहू विमान करत असाल तर "भारतीय वायु सेना" लावताना एक सोय आहे जी इंग्रजी अक्षरांना नाही. शिरोरेघ. ती खिडक्यांच्या ओळीला समांतर आहे की नाही हे लांबूनसुद्धा कळतं, त्यामुळं वाकडं लावून सुटका नाही.

माळ्यावर वीस वर्षं पडलेलं किट सापडलं, डिकल पिवळी आहेत.

पारदर्शक पिशवीत घालून, छापलेली बाजू बाहेर, खिडकीच्या काचेला आतून चिकटवा. एप्रिलचं ऊन असेल तर आठवड्यात पिवळेपणा बराच उतरतो. मग शीटच्या कोपऱ्यातलं नको असलेलं एक अक्षर पाण्यात टाकून बघा. तुकडे झाले तर उरलेल्या शीटवर ग्लॉसचे दोन हलके फवारे द्या, त्यानं धरून राहतात. त्यानंतर प्रत्येक डिकल अगदी कडेनं कापून घ्यावं लागतं.

पॅनल लाइनमध्ये काळा वॉश भरू ना?

काळा शक्यतो नको. १/७२ मापात ०.२ मिलिमीटरची रेघ म्हणजे खऱ्या विमानावर चौदा मिलिमीटरची फट. एवढ्या फटी असलेल्या विमानात कोण बसेल? ती रेघ आधीच जास्त रुंद आहे, काळी केली की विमान चौकटीच्या वहीसारखं दिसतं. करड्या विमानाला गडद करडा, हिरव्याला गडद तपकिरी, चंदेरीला मध्यम करडा. काळा फक्त हलणाऱ्या भागांच्या सांध्यांत, म्हणजे फ्लॅप, रडर वगैरे.

वॉश घरी करता येतो. कॅमलच्या तैलरंगाची ट्यूब घ्या, वाटाण्याएवढा रंग पुठ्ठ्यावर तासभर ठेवा. पुठ्ठा जवसाचं तेल पिऊन घेतो, नाहीतर वॉश आठवडाभर चिकट राहतो. मग टर्पेंटाइनमध्ये चहाइतका पातळ करा. रेघेला ब्रशचं टोक टेकवलं की वॉश स्वतःच धावत जातो. पंधरा-वीस मिनिटांनी किंचित ओल्या बोळ्यानं पुसा, हवा ज्या दिशेनं वाहते त्या दिशेनं, पुढून मागं. रॉकेल वापरू नका, तेलकटपणा राहतो. आणि हे सगळं ग्लॉसवर. उघड्या प्लास्टिकवर इनॅमल वॉश साचला तर प्लास्टिक तडकतं, विशेषतः चाकांचे पाय आणि ताण दिलेले सांधे.

आपली लाल माती पिगमेंट (धूळ दाखवायची कोरडी पूड) म्हणून वापरता येते का?

येते. पण दोन अडचणी आहेत, एक कणाची आणि एक अकलेची.

कणाची आधी. मी जांबोटी रस्त्याकडची जांभ्याची माती आणली, वाळवली, खलबत्त्यात कुटली, वस्त्रगाळ केली आणि मोठ्या उत्साहानं चाकांना लावली. भिंगाखाली बघितलं तर चाकांना खडी चिकटलेली. कापडातून गेलेला कण ०.१ मिलिमीटरचा धरा. बहात्तरपट केला की सात मिलिमीटरचा गोटा. म्हणून आता माती पाण्यात ढवळतो, मिनिटभर थांबतो, वरचं गढूळ पाणी दुसऱ्या वाटीत ओततो आणि खाली बसलेलं टाकून देतो. हे तीनदा. शेवटच्या वाटीत रात्रभरात जो गाळ बसतो तो वाळला की दोन बोटांत कुंकवासारखा लागतो. तोच वापरायचा. थेंबभर आयसोप्रोपिलमध्ये कालवून लावा, उडून गेल्यावर कोरड्या ब्रशनं जास्तीचं झटका. मॅट वार्निश त्यानंतर मारलात तर निम्मी माती दिसेनाशी होते, तेव्हा माती सगळ्यात शेवटी.

आता दुसरी. फ्लाइंग ऑफिसर निर्मलजीत सिंग सेखों १४ डिसेंबर १९७१ ला श्रीनगरहून उडाले. त्यांच्या नॅटला खानापूरची माती कशी लागेल? त्याच महिन्यात लोंगेवाल्यावर गेलेले हंटर जैसलमेरचे होते, तिथली धूळ फिकट पिवळसर वाळूची. आपली लाल माती शोभते ती गोव्याच्या दाबोळीवरच्या नौदलाच्या विमानांना, सी हॅरियरला वगैरे, कारण चोर्ला घाटाच्या त्या बाजूलाही जांभाच आहे. तीसुद्धा टायरला आणि चाकाच्या खोबणीला जराशी. धावपट्टी डांबरी असते, शेत नव्हे.

किती मळवायचं? माझं विमान नेहमी जास्तच मळतं.

प्रत्येक डागाला विचारा, तू कुठून आलास? उत्तर नसेल तर पुसा. उडताना आलेला ओघळ पुढून मागं जातो. उभ्या विमानाचा ओघळ वरून खाली येतो. हायड्रॉलिक तेलाचे डाग पोटाला असतात, पाठीवर नाहीत. तोफेच्या तोंडामागं काजळी येते. वैमानिक आणि यांत्रिक जिथं पाय ठेवतात तिथं पंखाचा रंग झिजतो. स्पिटफायरसारख्या पिस्टन इंजिनवाल्याच्या एक्झॉस्टमागं लांब फिकट-करडा पट्टा येतो, जेटला तसला काही येत नाही.

रंगाचे टवके हा तर रोगच झालाय. अर्ध्या मिलिमीटरचा टवका म्हणजे खऱ्यावर ३६ मिलिमीटर, तळहाताच्या निम्मा. शांततेच्या काळातल्या जेटवर असे पन्नास टवके दिसले तर त्या तळावरच्या सगळ्यांची बदली होईल. बारीक स्पंजचा तुकडा रंगात बुडवून, कागदावर जवळजवळ कोरडा करून, पंखाच्या पुढच्या कडेला दोन-चार वेळा टेकवा. बस झालं. मला स्वतःला टवक्यांपेक्षा उन्हानं विटलेला रंग आवडतो. मूळ रंगात पांढऱ्याचे काही थेंब घालून प्रत्येक पत्र्याच्या मध्यावर अगदी पातळ ढग मारला की विमान तळावर चार उन्हाळे उभं राहिल्यासारखं वाटतं.

खरी विमानं बघायला बेळगावच्या सांबरा विमानतळावर जाता येईल का?

प्रवासी म्हणून जा की. पण हवाई दलाचा भाग वेगळा, तिथं वायुसैनिकांचं प्रशिक्षण चालतं आणि फोटो काढायचे नसतात. कुंपणाशी मोबाईल काढून उभं राहू नका, पोरांनाही सांगा. गोव्याला नौदलाचं विमान संग्रहालय आहे, दाबोळीजवळ. सकाळी निघालात तर एका दिवसात होऊन येतं. बेंगळुरूला एचएएलच्या (हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या) संग्रहालयात त्यांनीच बनवलेलं मारुत हे लढाऊ विमान बघायला मिळतं. संग्रहालयाच्या अंगणातलं विमान बघताना एक भान ठेवा. ते वर्षानुवर्षं पावसात उभं असतं आणि मधूनच कुणीतरी डबाभर रंग मारून ठेवतं. आकार, रिवेट, नळ्या, चाकांच्या खोबणीची आतली बाजू बघायला ते उत्तम. रंगाची छटा मात्र सेवेतल्या काळच्या फोटोवरून घ्या.

काचेला धुरकटपणा आला.

फेविक्विकची वाफ. कॅनोपी, म्हणजे वैमानिकाच्या डोक्यावरची काच, फेविकॉलनं चिकटवा, सुकल्यावर पारदर्शक होतो. आतून धुरकट झाली असेल तर काढून टूथपेस्टनं मऊ कापडावर पॉलिश करा, बरीच सुधारते.

वासाचं काय? घरचे ओरडतात.

बरोबरच ओरडतात. कापडी मास्क किंवा एन-९५ थिनरची वाफ अडवत नाही. कोळशाची फिल्टर डबी लागणारा अर्ध्या चेहऱ्याचा मास्क घ्या, गाड्या रंगवणारे वापरतात तो. खिडकीकडं हवा फेकणारा पंखा लावा. आणि लॅकर मारताना आजूबाजूला ज्योत नको, गॅस नको. आमच्याकडं देवघर माझ्या टेबलाला लागून, त्यामुळं तिन्हीसांजेला आईनं समई लावायच्या आत डबे बंद, हा ठरलेला करार आहे.

पूर्ण झालेलं विमान ठेवू कसं? गेल्या पावसाळ्यात कपाटात बुरशी आली.

काचेच्या बंद पेटीत ठेवा आणि कोपऱ्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका. औषधांच्या आणि बुटांच्या डब्यांतून येतात त्या जमवल्या तरी पुरतात, मधूनमधून बदलत राहा. भिंतीला टेकलेलं कपाट चार बोटं पुढं ओढा, ओल मागूनच येते. थेट ऊन नको, रंग विटतात. आणि कपाटात झुरळं होतात म्हणून डांबराच्या गोळ्या अजिबात टाकू नका. त्या गोळ्यांची वाफ पॉलिस्टायरीनला मऊ करते. माझ्या एका नॅटची पुढची चाकं अशीच वाकली, आणि आता ते नाक टेकून बसलंय, साष्टांग घातल्यासारखं.